टीम लिक्विडचे ठळक खेळाडू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीम लिक्विड हा एक संघ आहे की अनेक?

टीम लिक्विड हा ई-स्पोर्ट्सचा, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा खेळणारा, क्लब. क्लब एक, संघ अनेक. २००० साली नेदरलँड्समध्ये व्हिक्टर गूसेन्स, म्हणजे 'नाझगुल', याने स्टारक्राफ्ट : ब्रूड वॉर खेळणाऱ्यांचा एक छोटा क्लॅन, म्हणजे गट, काढला. त्यातून हा सगळा पसारा वाढला. २०१५ मध्ये कर्स या दुसऱ्या क्लबचा संघ लिक्विडमध्ये आला आणि लीग ऑफ लेजंड्सचं दार उघडलं. याशिवाय डोटा २, काउंटर-स्ट्राइक, व्हॅलोरंट, स्मॅश, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट असे एकेक खेळ जोडले गेले.

निळ्या घोड्याचं चिन्ह सगळ्यांच्या जर्सीवर असलं, तरी एका खेळातला माणूस दुसऱ्या खेळाच्या संघात बसत नाही. डोटातला कॅप्टन काउंटर-स्ट्राइकच्या सर्व्हरवर नवशिक्याच असतो. म्हणूनच 'लिक्विडचा खेळाडू' म्हटलं की पहिला प्रश्न 'कुठल्या खेळातला?' हाच यायला हवा.

मग या क्लबचा आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू कोण?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि यावर भांडणंही सगळ्यांत जास्त होतात. नुसतं कौशल्य बघायचं तर लिक्विडची जर्सी घातलेला सर्वांत तयारीचा खेळाडू काउंटर-स्ट्राइकचा सिंपल. पण तो इथे काही महिनेच होता, त्यामुळे त्याला लिक्विडचा म्हणायला जीभ रेटत नाही. एका माणसाचं दीर्घकाळचं वर्चस्व बघायचं तर स्मॅशमधला हंग्रीबॉक्स. सर्वांत मोठ्या रात्रीचा नायक हवा असेल तर डोटा २ चा कुरोकी.

मला एकच नाव द्यायला सांगितलं तर मी इन्सानियाचं देईन, म्हणजे डोटा २ मधल्या स्वीडनच्या आयदिन सारकोहीचं. हे नाव ऐकून बरेच जण कपाळाला आठ्या घालतात, कारण त्याच्या नावावर डोळे दिपवणारे आकडे नाहीत. त्याचंच नाव का, ते खाली सविस्तर लिहिलं आहे.

डोटा २ चा २०१७ चा संघ इतका का गाजला?

कारण तो हरत हरत जिंकला. सिॲटलमध्ये झालेल्या द इंटरनॅशनलमध्ये, म्हणजे डोटा २ च्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत, लिक्विड अप्पर ब्रॅकेटच्या (एक हार माफ असलेल्या गटाच्या) पहिल्याच सिरीजमध्ये पडली. तिथून पुढे एक सिरीज हरली की सामान बांधायचं, अशी अवस्था. त्या तारेवरून चालत हे पाच जण फायनलला पोहोचले आणि तिथे चीनच्या न्यूबीला ३-० ने हरवलं. द इंटरनॅशनलची फायनल ३-० ने संपण्याची ती पहिलीच वेळ. विजेत्यांच्या वाट्याला एक कोटी डॉलरच्या वर रक्कम आली.

पाचही जण वेगवेगळ्या मातीतले. जर्मनीचा कुरोकी कॅप्टन, जॉर्डनचा मिरॅकल मिडला, फिनलंडचा मातुंबामान कॅरी, बल्गेरियाचा माइंड कंट्रोल ऑफलेनला आणि लेबननचा जीएच सपोर्टला. (या संघातल्या भूमिका : मिड मधली वाट सांभाळतो, ऑफलेन अवघड वाट, कॅरी हळूहळू बलवान होऊन मॅच जिंकून देतो, आणि सपोर्ट बाकीच्यांना मदत करतो.) मिरॅकल त्याआधीच, २०१६ मध्ये, ९,००० एमएमआर (कौशल्य मोजणारे गुण) गाठणारा जगातला पहिला खेळाडू ठरला होता. त्यामुळे पोस्टरवर त्याचाच चेहरा मोठा असायचा, आणि ते योग्यच होतं. त्याचे हात खरोखरच वेगळे होते.

पण ती स्पर्धा पुन्हा बघाल तर डोळे जीएचवर खिळतात. जानेवारी २०१७ मध्ये हा मुलगा संघात आला, तेव्हा बाहेर फारसं कुणी त्याला ओळखत नव्हतं. सात महिन्यांनी समोरचे संघ त्याचे आयओ आणि कीपर ऑफ द लाइट हे हीरो (खेळातली पात्रं) आधीच बॅन, म्हणजे त्या मॅचपुरते बाद, करून टाकायचे. सपोर्टच्या हातचे हीरो बॅन करण्यात समोरचा संघ आपली संधी खर्च करतो, यापेक्षा मोठी पावती सपोर्टला मिळत नाही.

सपोर्टचं एवढं कौतुक कशाला? किल तर कॅरीच्या नावावर असतात ना?

असतात. पण त्या किलच्या मागे काय असतं ते बघा. डोटामध्ये पैशांची रांग ठरलेली असते : कॅरी पहिला, मग मिड, मग ऑफलेन, शेवटी दोन सपोर्ट. पाच नंबरचा खेळाडू स्वतःच्या बुटांसाठीही ताटकळतो, कारण आलेलं सोनं वॉर्ड (नकाशावर नजर ठेवणारी वस्तू) आणि स्मोकवर (संघाला लपवणारा धूर) जातं. जंगलातले प्राणी दर मिनिटाच्या ठोक्याला नव्याने येतात. त्याच्या सहा-सात सेकंद आधी सपोर्ट जुन्या प्राण्यांना डिवचून कॅम्पबाहेर ओढतो, म्हणजे जागा रिकामी दिसते आणि दुसऱ्या जथ्याची त्यात भर पडते. हे स्टॅक तो स्वतः मारत नाही, कॅरीसाठी ठेवून निघून जातो.

आता आयओ घ्या. हा हीरो एकटा जवळजवळ निरुपयोगी. तो सोबत्याला धाग्याने बांधून घेतो, आणि रिलोकेटने दोघांना नकाशाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन काही सेकंदांत परत आणतो. कुठे जायचं, कधी जायचं आणि परत येताना खाली शत्रू उभा असेल का, हे सगळं त्या उडीच्या आधी ठरवावं लागतं. चूक झाली तर दोन माणसं मरतात. मॅच संपल्यावर स्कोअरबोर्डवर मात्र फक्त 'असिस्ट' असं एक कोरडं खातं उरतं.

२०२४ मध्ये द इंटरनॅशनल जिंकणारे कोण होते?

मिके, निशा, थर्टीथ्री, बॉक्सी आणि इन्सानिया. (निशा हा पोलंडचा मिखाऊ यानकोव्स्की. आपल्याकडच्या नावामुळे बरेच जण मुलगी समजतात.) हा प्रश्न दोन ओळींत संपवणं त्यांच्यावर अन्याय होईल, म्हणून जरा मागून सांगतो.

२०१९ मध्ये कुरोकीचा आख्खा संघ लिक्विड सोडून गेला. त्यांची जागा घ्यायला क्लबने आणले ते अलायन्स या संघातले पाच जण. त्यात इन्सानिया कॅप्टन, मिके कॅरी आणि बॉक्सी ऑफलेनर. जगज्जेत्यांची जर्सी, आणि आत फारशी न जिंकलेली पोरं. तुलना रोज व्हायची. तरी ते तग धरून राहिले, आणि त्यासाठी मोजलेली किंमत बाहेरून दिसत नाही. मातुंबामान आणि झाई संघात आले तेव्हा मिकेने कॅरी सोडून मिड धरलं, आणि बॉक्सीने ऑफलेन सोडून सपोर्टला जागा घेतली. पुढे निशा मिडला आला तेव्हा मिके पुन्हा कॅरीकडे वळला. वर्षानुवर्षं घोटून बसवलेली जागा संघासाठी सोडायची आणि नव्या जागी पुन्हा जगातल्या अव्वल लोकांशी दोन हात करायचे, हे किती जड जातं ते रँक्डमध्ये, म्हणजे क्रमवारीच्या मॅचमध्ये, रोल बदलून बघितलेल्या कुणालाही विचारा.

२०२२ ला सिंगापूरमध्ये ते शेवटच्या संधीच्या पात्रता फेरीतून आत आले आणि थेट तिसरे आले. २०२३ मध्ये लिमा मेजरच्या (मेजर म्हणजे हंगामातली मोठी स्पर्धा) फायनलला पोहोचले, गायमिन ग्लॅडिएटर्सकडून हरले. बर्लिन मेजरच्या फायनलला पोहोचले, पुन्हा गायमिन ग्लॅडिएटर्सकडूनच हरले. हातातोंडाशी आलेला घास एकाच संघाने वारंवार हिसकावला, की तो संघ नुसता समोर दिसला तरी हात कापायला लागतात.

आणि २०२४ ला, कोपनहेगनमध्ये, द इंटरनॅशनलच्या फायनलला समोर कोण? गायमिन ग्लॅडिएटर्स. लिक्विडने ३-० ने जिंकली.

या पाचांतली आणखी एक गुंफण मला फार आवडते. २०२२ ची द इंटरनॅशनल टुंड्राने जिंकली होती आणि टुंड्राचा ऑफलेनर होता इस्रायलचा थर्टीथ्री. फायनलमध्ये हरलेल्या सीक्रेट संघाचा मिड होता निशा. म्हणजे ज्याने निशाचं स्वप्न मोडलं, त्याच्याच शेजारी बसून निशाने दोन वर्षांनी ते पुरं केलं. थर्टीथ्रीची ती दुसरी द इंटरनॅशनल. त्याचा खेळही सगळ्यांपेक्षा निराळा : इतर ऑफलेनर मारामारीत उडी घेतात, तेव्हा हा ब्रूडमदर, व्हिसाज, बीस्टमास्टर असे प्राणी-पाखरांची फौज बाळगणारे हीरो घेऊन टॉवर पाडत असतो.

बरं, पण या सगळ्यात इन्सानियाच का?

कारण वर सांगितलेल्या प्रत्येक वळणावर तो कॅप्टन होता. कॅरी बदलला, मिड बदलला, ऑफलेनर दोनदा बदलला. पाच नंबरची जागा आणि निर्णयांची जबाबदारी मात्र त्याच्याकडेच राहिली. एखादा संघ दोन मेजर फायनल त्याच प्रतिस्पर्ध्याकडून हरला की सहसा कॅप्टनची उचलबांगडी होते. इथे तसं झालं नाही, आणि त्यामागे त्याच्यावरचा सोबत्यांचा विश्वास होता असं मला ठामपणे वाटतं.

२०२४ ची फायनल मी पुन्हा बघितली ती डोटाच्या रिप्लेमध्ये, त्याच्या नजरेतून, म्हणजे कॅमेरा फक्त त्याच्या हीरोवर लावून. चाळीस मिनिटांत त्याचे हात रिकामे असे क्वचितच दिसतात. वॉर्ड लावतो, शत्रूचा वॉर्ड शोधून फोडतो, मिकेच्या बाजूने उभा राहतो, मार पडणार हे दिसत असूनही पुढे जातो. आणि तो पुढे गेल्यामुळेच मागचा कॅरी वाचतो.

लिक्विडच्या काउंटर-स्ट्राइक संघाने मेजर कधी जिंकलंच नाही, मग त्यांना ठळक का म्हणायचं?

मेजर, म्हणजे काउंटर-स्ट्राइकची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकलं नाही हे खरं. २०१९ च्या बर्लिन मेजरला ते सगळ्यांत वरचे दावेदार म्हणून गेले आणि उपांत्यपूर्व फेरीत ॲस्ट्रॅलिसकडून बाहेर पडले. ती जखम चाहत्यांच्या मनात अजून ओली आहे.

पण त्याच वर्षीचा उन्हाळा आठवा. सिडनीची आयईएम, डॅलसची ड्रीमहॅक मास्टर्स, ईएसएल प्रो लीगची फायनल आणि कोलोनची ईएसएल वन, अशा चार स्पर्धा ६३ दिवसांत जिंकून त्यांनी इंटेल ग्रँड स्लॅमचे दहा लाख डॉलर उचलले. इतक्या झपाट्याने हा मान त्याआधी कुणी मिळवला नव्हता. एलीज, नॅफ, ट्विस्ट, नायट्रो आणि स्टुईटूके हे ते पाच.

यात एलीजचं स्थान वेगळं. २०१५ मध्ये तो आला आणि २०२३ पर्यंत राहिला. काउंटर-स्ट्राइकमध्ये आठ वर्षं एका जर्सीत काढणं फार दुर्मीळ. कॅनडाचा नॅफ उलट स्वभावाचा. एकटा उरला, समोर दोन-तीन जण आणि बॉम्ब टिकटिकतोय, अशा वेळी त्याचा माउस अजिबात थरथरत नाही. घाई न करता तो समोरच्यालाच चूक करायला लावतो.

सिंपल खरंच लिक्विडकडून खेळला होता?

हो, २०१६ मध्ये. आणि त्याचं सर्वांत प्रसिद्ध दृश्य लिक्विडच्याच जर्सीतलं आहे, हे नव्या प्रेक्षकांना माहीत नसतं. कोलोन मेजरची सेमीफायनल, समोर फनॅटिक संघ, मॅप (खेळाचं मैदान) कॅश. बी साइटवरच्या उंच जागेवरून तो खाली उडी मारतो. हवेत असतानाच, स्कोप न लावता, एडब्ल्यूपी या स्नायपर रायफलची गोळी एकाला लागते. पाय जमिनीला टेकतात आणि दुसरी गोळी, तीही बिनस्कोपची, दुसऱ्याला. सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा. गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्हने नंतर त्या जागी भिंतीवर ग्राफिटी काढून ही आठवण मॅपमध्येच कोरली.

फायनल एसके गेमिंगने जिंकली आणि ऑगस्टमध्ये सिंपल नाव्ही संघाकडे गेला. लिक्विडकडे उरली ती भिंत.

हंग्रीबॉक्सचं नाव इतक्या आदराने का घेतात?

हुआन डेबिएडमा, म्हणजे हंग्रीबॉक्स, सुपर स्मॅश ब्रदर्स मेली खेळतो. समोरासमोरच्या मारामारीचा हा गेम २००१ चा. संघ नाही, सोबती नाही, हरलात तर दोष द्यायलाही कुणी नाही. शिकून तो केमिकल इंजिनिअर झाला, नोकरीही केली, आणि मग पूर्णवेळ याच खेळाकडे आला. २०१६ मध्ये त्याने आर्माडा या प्रतिस्पर्ध्याला हरवून इव्हो ही मारामारीच्या गेमची मोठी स्पर्धा जिंकली. २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षं तो जगात पहिल्या क्रमांकावर होता.

त्याचं पात्र जिग्लीपफ, एक गुलाबी गोळा. तिचा 'रेस्ट' नावाचा डाव समजून घेतल्याशिवाय हंग्रीबॉक्स समजत नाही. समोरच्याला अगदी चिकटून, अचूक क्षणी बटण दाबलं तर तो मैदानाबाहेर फेकला जातो. केसभर अंतर चुकलं तर जिग्लीपफ जवळपास चार सेकंद झोपून राहते, आणि मेलीत चार सेकंद म्हणजे युग. हा जुगार त्याने हजारो प्रेक्षकांसमोर, शेवटच्या स्टॉकवर (उरलेल्या एकाच जिवावर), पुन्हा पुन्हा खेळला आहे.

त्याचा सबुरीचा, वाट बघत राहण्याचा खेळ अनेकांना कंटाळवाणा वाटायचा. २०१९ मध्ये एक स्पर्धा जिंकल्यावर प्रेक्षकांतून कुणीतरी त्याच्या अंगावर मेलेला खेकडा फेकला. मला आजही त्याची चीड येते. जिंकण्याचा मार्ग आवडला नाही तर तो मोडून काढणारा खेळाडू शोधावा. माणसाचा अपमान का करायचा?

लीग ऑफ लेजंड्समध्ये कुणाकडे बघावं?

डबललिफ्ट आणि कोरजेजे, ही बॉट लेनची (नकाशाच्या खालच्या वाटेची) जोडी. लिक्विडने २०१८ चा स्प्रिंग ते २०१९ चा समर असे एलसीएस या उत्तर अमेरिकेच्या लीगचे सलग चार किताब जिंकले, आणि त्या चारही वेळी डबललिफ्ट एडीसी, म्हणजे संघाचा मुख्य नेमबाज, होता. कोरजेजे २०१९ मध्ये आला. त्याआधी २०१७ ला त्याने सॅमसंग गॅलेक्सीकडून वर्ल्ड्स, म्हणजे जागतिक अजिंक्यपद, जिंकलं होतं. टॉप लेनला इम्पॅक्ट, जो २०१३ चा विश्वविजेता.

एकच सिरीज बघायची असेल तर २०१९ च्या एमएसआय या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची तैपेईमधली सेमीफायनल बघा. समोर आदल्या वर्षीचे विश्वविजेते इन्व्हिक्टस गेमिंग. लिक्विडने त्यांना ३-१ ने घरी पाठवलं. फायनलमध्ये जी२ ने ०-३ ने धुतलं, तेही झटपट. पण त्या सेमीफायनलची झिंग त्याने उतरत नाही.

ज्या स्टारक्राफ्टपासून क्लब सुरू झाला, तिथे आता कोणी आहे का?

फ्रान्सचा क्लेम. टेरान या जमातीकडून खेळतो आणि त्याच्या हातांचा वेग बघून डोळे थकतात. २०२४ मध्ये रियाधच्या ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कपमध्ये त्याने फायनलला सेरालला हरवून स्टारक्राफ्ट २ चा किताब जिंकला. सेराल हा अनेकांच्या मते या खेळाचा आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू, त्यामुळे या विजयाचं वजन वेगळंच.

व्हॅलोरंट आणि वॉरक्राफ्टबद्दल थोडक्यात?

व्हॅलोरंटमध्ये नॅट्स. गॅम्बिटकडून २०२१ ची बर्लिन मास्टर्स जिंकलेला हा खेळाडू लिक्विडमध्ये आला आणि २०२३ ची ईएमईए लीग त्यांनी जिंकली. एका कोपऱ्यात दबा धरून समोरच्या संघाचा सगळा बेत उधळायचा, ही त्याची खासियत.

वॉरक्राफ्टमध्ये मॅक्सिमम. तो रेड लीडर आहे. नवा रेड, म्हणजे अनेकांनी मिळून जिंकायची मोहीम, आला की जगात सर्वांत आधी तो संपवण्याची शर्यत लागते. २०२४ ची नेरुब-आर पॅलेसची शर्यत लिक्विडने जिंकली. वीस जण एकाच वेळी लढत असताना त्याचा आवाज ऐकावा. त्याचं खरं हत्यार तेच आहे.

रेटिंग आणि केडीए बघून खेळाडू ठरवता येतो का?

एकाच खेळातल्या, एकाच भूमिकेतल्या दोघांची तुलना करायला आकडे उपयोगी आहेत. काउंटर-स्ट्राइकमध्ये एचएलटीव्ही या संकेतस्थळाच्या रेटिंगमध्ये १.०० हे साधारण सरासरीचं माप. पण संघाला दिशा देणारा कॉलर बऱ्याचदा त्याच्याही खाली असतो, कारण त्याचं अर्धं डोकं इतर चौघांसाठी चालू असतं. डोटाच्या पाच नंबरचा केडीए (किल, मृत्यू आणि असिस्ट यांचं गुणोत्तर) तर बघूच नका. दोन वेगळ्या खेळांतल्या आकड्यांची तुलना करणं म्हणजे किलोला लिटरशी भांडायला लावणं.

बक्षिसाची रक्कम हे तरी पक्कं माप आहे ना?

नाही. द इंटरनॅशनलची एकूण बक्षीस रक्कम २०२१ मध्ये चार कोटी डॉलरवर गेली होती. २०२४ मध्ये ती तीस लाखांच्याही आत होती. इन्सानियाची ट्रॉफी त्यामुळे कुरोकीच्या ट्रॉफीपेक्षा हलकी ठरत नाही.

सोडून गेलेला खेळाडू लिक्विडचा मानायचा का?

मी मातुंबामानचं उदाहरण देतो. २०१७ च्या विजयातला हा कॅरी. जून २०१९ मध्ये, द इंटरनॅशनल दोन महिन्यांवर असताना, त्याला बाजूला करून डब्ल्यू३३ ला घेतलं. संघ त्या वर्षी फायनलला पोहोचला आणि ओजीकडून हरला. पुढे २०२१ च्या अखेरीस मातुंबामान परत आला तो इन्सानियाच्या संघात, आणि २०२२ ची सिंगापूरची स्पर्धा आपली शेवटची असेल हे आधीच सांगून खेळला. तिसरा क्रमांक मिळवून, त्याच घोड्याच्या जर्सीत, तो निवृत्त झाला. ट्विस्टही गेला, फेझकडून २०२२ चं ॲन्टवर्प मेजर जिंकला आणि २०२३ च्या अखेरीस लिक्विडमध्ये परतला.

मी नवीन आहे. बघायला सुरुवात कुठून करू?

आधी कॅश मॅपवरची सिंपलची ती उडी बघा, अर्धा मिनिटही लागत नाही. मग २०१६ च्या इव्होमधली हंग्रीबॉक्स विरुद्ध आर्माडा. डोटाकडे शेवटी वळा, कारण नियम समजायला वेळ लागतो. २०२४ च्या फायनलचा पहिला गेम एकदा नेहमीसारखा, समालोचनासह बघा. मग तोच गेम रिप्लेमध्ये उघडा, प्लेअर पर्स्पेक्टिव्हमध्ये इन्सानियाचं नाव निवडा आणि पहिली दहा मिनिटं फक्त त्याचा माउस कुठे कुठे जातो ते पाहा.